शाळेच्या ओळखीचा पोलीस

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या व्यापारी घरांनी जितकी मनावर घेतली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी घेतली असेल. कोर्टाची पायरी नको आणि पोलीस ठाण्याची तर त्याहून नको. उधारीचा वाद असो, भागीदारीतील कुरबुर असो किंवा भावाभावांतील वाटणी असो. चार वडीलधारी माणसे बसवावीत, दोन्ही बाजूंनी थोडे सोडावे आणि विषय मिटवावा, ही आपली जुनी रीत. या रीतीने पेढ्या टिकल्या, नाती टिकली. तिला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

परंतु हीच रीत आपण मुलांच्या बाबतीत लावू लागतो, तेव्हा मात्र थांबून विचार करणे आवश्यक ठरते. शाळेत मुलावर अत्याचार झाला, कोणी त्याला सतत धमकावू लागले, कोणी मुलीचे छायाचित्र मोबाइलवर पसरवले किंवा आपल्याच मुलाच्या हातून एखादी गंभीर गोष्ट घडली, तर घरात उमटणारा पहिला उद्गार बहुधा ‘बाहेर कळता कामा नये’ हाच असतो. पोलिसांचा विचार सर्वांत शेवटी येतो आणि तोही धास्तीने. या धास्तीचे मूळ आपणच घातलेले असते. जेवायला कंटाळा करणाऱ्या मुलाला ‘पोलीस येईल हं, पकडून नेईल’ असे सांगण्याची पद्धत अजून आपल्या घरांतून गेलेली नाही. चार वर्षांच्या वयात ज्याची भीती घातली, त्याच्याकडे चौदाव्या वर्षी संकटात धाव घ्यावी, अशी अपेक्षा त्या मुलाकडून कशी करावी?

शाळा आणि पोलीस यांच्यामध्ये एक नेमलेला, ओळखीचा अधिकारी असावा, ही कल्पना या प्रश्नातूनच जन्माला आली. तिचा लाभ कोठे झाला, तिने हानी कोठे केली, आपल्या देशातील कायदा त्याबाबत काय म्हणतो आणि संस्थाचालक, दुकानदार व पालक या तिन्ही नात्यांनी आपल्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परदेशातील वाटचाल

शाळेसाठी स्वतंत्र संपर्क पोलीस अधिकारी नेमण्याची प्रथा अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात १९५० च्या दशकात सुरू झाली, असे मानले जाते. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर. मुले बिघडण्याआधीच पोलिसाने त्यांच्याशी ओळख करून घ्यावी, हा त्यामागील साधा हेतू होता. या अधिकाऱ्याने तीन कामे करावीत, अशी पुढे तेथे धारणा रुजली : कायद्याचे रक्षण, कायद्याचे शिक्षण आणि मुलांना सल्ला. इंग्लंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांनीही आपापल्या परीने अशी व्यवस्था उभी केली.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि या कल्पनेचे रूपच पालटले. केंद्र सरकारचा निधी आला, शाळाशाळांतून सशस्त्र पोलीस उभे राहिले. मुलांशी ओळख हा मूळ हेतू मागे पडला आणि पहारा हा हेतू पुढे आला. वास्तविक कोलंबाइनच्या शाळेला नेमून दिलेला अधिकारी त्या दिवशीही होता. पुढे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत १७ जणांचे प्राण गेले, तेव्हाही तेथे सशस्त्र अधिकारी होता. परंतु तो इमारतीबाहेरच थांबून राहिला. त्याच्यावर खटला चालला आणि २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. केवळ बंदूक दाराशी ठेवल्याने शाळा सुरक्षित होत नाही, हा पहिला धडा अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन घेतला.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. पोलीस कायम आवारात असला म्हणजे शिक्षकाला त्याला हाक मारणे सोपे जाते. ज्या खोडीसाठी पूर्वी मुख्याध्यापक पालकांना बोलावून घेत, तिचीच हळूहळू गुन्हा म्हणून नोंद होऊ लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो शहरात अवघ्या सहा वर्षांच्या एका मुलीला शाळेत हात बांधून पोलिसांच्या गाडीत बसवण्यात आले. कारण काय, तर तिने वर्गात आकांडतांडव केले आणि कर्मचाऱ्यांना लाथा मारल्या. त्या अधिकाऱ्याला नोकरीवरून काढले गेले, आरोप मागे घेतले गेले आणि २०२१ मध्ये त्या राज्याने, अत्यंत गंभीर गुन्ह्याचा अपवाद ठेवून, सात वर्षांखालील मुलांना अटक करण्यास मनाई करणारा कायदा केला. सहा वर्षांच्या मुलीला अटक करू नये, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागला, यातच सारे आले.

लंडनच्या हॅकनी भागात डिसेंबर २०२० मध्ये घडलेला प्रकार तर अधिकच क्लेशकारक आहे. एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीकडे गांजा असल्याचा शिक्षकांना संशय आला. त्यांनी पोलिसांना बोलावले. पोलिसांनी शाळेतच तिची विवस्त्र झडती घेतली. आईला कळवले गेले नव्हते आणि झडतीच्या वेळी तिच्या बाजूने उभे राहणारे कोणी मोठे माणूस खोलीत नव्हते. तिच्याकडे काहीही सापडले नाही. या प्रकरणाचा चौकशी अहवाल मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा साऱ्या इंग्लंडमध्ये संताप उसळला. २०२५ मध्ये दोन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. या प्रकरणात दोष केवळ पोलिसांचा नव्हता. ज्या क्षणी पोलीस दारातून आत आले, त्या क्षणी आपली जबाबदारी संपली, असे शाळेतील मोठ्या माणसांनी मानले. मूल मात्र त्या खोलीत एकटे राहिले.

अशा अनुभवांमुळे काही शहरांनी ही पद्धतच बंद केली. कॅनडातील टोरांटोच्या सर्वांत मोठ्या शालेय मंडळाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेतील मिनिआपोलिसच्या मंडळाने जून २०२० मध्ये पोलिसांशी असलेली व्यवस्था संपवली. कॅनडातच व्हँकूव्हरने २०२१ मध्ये ती बंद केली आणि २०२३ मध्ये बदललेल्या स्वरूपात पुन्हा सुरू केली. तेव्हा ‘शाळेत पोलीस हवा की नको’ असा सरधोपट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या कामासाठी हवा, कोणत्या कामासाठी नको आणि तो आत आल्यावर मुलाचा हात कोणी धरून ठेवायचा, हे खरे प्रश्न आहेत.

दोन किल्ल्यांचा नियम

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला येथे स्ट्राँगरूमची आठवण होणे साहजिक आहे. बँकेची स्ट्राँगरूम एका किल्लीने कधीच उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात. दोघे मिळून जातात, दोघे मिळून कुलूप लावतात. याचा अर्थ बँकेचा कोणा एकावर अविश्वास असतो असा नव्हे. मौल्यवान वस्तू एकाच माणसाच्या मर्जीवर सोडू नये, एवढाच त्यामागील विचार. आपल्या पेढीवरही रोकड मोजणारा एक आणि रोजमेळ लिहिणारा दुसरा अशी प्रथा असते, तिचे कारण हेच.

शाळेतील मूल ही तर सर्वांत मौल्यवान ठेव. तिथे पोलीस ही एक किल्ली आणि मुख्याध्यापक व पालक मिळून दुसरी किल्ली, हा नियम कसोशीने पाळला पाहिजे. हॅकनीला दुसरी किल्ली टेबलावर ठेवून मोठी माणसे बाहेर उभी राहिली. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. शाळा आणि पालक दोघे मिळून पहिली किल्ली लपवूनच ठेवतात, म्हणजे पोलिसांना कळूच देत नाहीत. दोन्ही प्रकारांत हानी मुलाचीच होते.

आपल्या कायद्यातील अधिकारी

आपल्या देशात शाळेत बसणारा पोलीस नाही. परंतु मुलांसाठी नेमलेला पोलीस अधिकारी मात्र कायद्यानेच दिलेला आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ नेमलेला असलाच पाहिजे. त्याचा हुद्दा सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी असता कामा नये. त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात व शहरात पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘विशेष बाल पोलीस पथक’ असते आणि त्यात बालकल्याणाचा अनुभव असलेले दोन सामाजिक कार्यकर्ते घ्यावे लागतात. त्यांपैकी एक महिला असणे बंधनकारक आहे.

आपल्यापैकी अनेकांना विक्रीकर, आयकर, महानगरपालिका, वजनमापे या खात्यांतील अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि कधी कधी बदलीच्या तारखासुद्धा ठाऊक असतात. परंतु आपल्या मुलाची शाळा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते, तेथील बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे किती पालक सांगू शकतील? बँकेत कर्जाच्या निकडीच्या दिवशी प्रथमच येणारा ग्राहक आणि दहा वर्षे चालू खाते असलेला ग्राहक यांच्यात जो फरक असतो, तोच येथेही आहे. ओळख ही गरजेच्या आधी करून ठेवावयाची गोष्ट आहे.

ज्या गोष्टीला आपण सर्वाधिक भितो, तिच्याबाबत कायदा किती जागरूक आहे, हेही समजून घेतले पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणून ओळखतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. पीडित मुलाला ठाण्यात यावेच लागते, ही समजूत चुकीची आहे. त्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी, अथवा त्याच्या नेहमीच्या किंवा त्याने पसंत केलेल्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा, त्या वेळी अंगावर गणवेश नसावा आणि रात्रीच्या वेळी मुलाला कोणत्याही कारणाने ठाण्यात थांबवून ठेवू नये, असे कायदा सांगतो. आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती जबाबाच्या वेळी हजर राहते. दुसऱ्या किल्लीची व्यवस्था कायद्याने स्वतःच करून ठेवली आहे, ती ही.

मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तरीही मर्यादा स्पष्ट आहेत. अशा मुलाला कायदा ‘आरोपी’ म्हणत नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. आईवडिलांना तत्काळ कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. नियमांनुसार किरकोळ स्वरूपाच्या कृत्यांसाठी प्रथम खबर न नोंदवता केवळ ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या कौटुंबिक परिस्थितीच्या अहवालासह प्रकरण मंडळाकडे पाठवावयाचे असते. मूल सुधारावे, त्याच्या पुढील शिक्षणावर व नोकरीवर डाग राहू नये, हा या कायद्याचा पाया आहे.

आणि नावाचे काय? बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि पोक्सोचे कलम २३ यांनी मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. ज्या नावासाठी आपण तोंड मिटून बसतो, ते नाव राखण्याची सोय कायद्यातच आहे. गाजावाजा होतो तो पुष्कळदा तक्रार दिल्याने नव्हे, तर तक्रार दडपल्याने.

कागद आणि व्यवहार

कायद्यात लिहिले म्हणजे तसेच घडते, असे मानण्याइतका भाबडेपणा व्यवहार जाणणाऱ्या वाचकांकडे नसणार. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत अगदी लहान दोन मुलींवर अत्याचार झाला. पालक तक्रार घेऊन गेले, तेव्हा ती नोंदवून घेण्यास तासन् तास विलंब झाला. शाळेनेही स्वतःहून पोलिसांना कळवले नाही. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव रेल्वेमार्गावर उतरला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलीस व शाळा या दोघांनाही खडे बोल सुनावले. ज्यांच्यावर लोकांनी सर्वप्रथम विसंबायचे, त्या दोन्ही जागा त्या दिवशी बंद होत्या.

या प्रकरणानंतर राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि समित्यांचे कामकाज यांविषयी आदेश काढले. ‘सखी सावित्री’ समित्यांचा निर्णय तर २०२२ मध्येच झाला होता. आदेशांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. उणीव आहे ती रोजच्या संबंधाची. शाळेला आपल्या ठाण्यातील अधिकारी नावाने ठाऊक असेल आणि त्या अधिकाऱ्याला मुख्याध्यापिका, वसतिगृहाचे अधीक्षक व दोन-चार पालक परिचयाचे असतील, तर फोन लवकर जातो आणि तो टाळणे अधिकाऱ्यालाही अवघड होते.

केरळने दाखवलेला मार्ग

हा संबंध कसा जोडावा, याचे सर्वांत चांगले भारतीय उदाहरण केरळचे आहे. २ ऑगस्ट २०१० रोजी तेथे १२७ शाळांमधून ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ ही योजना सुरू झाली. तिच्यामागे पी. विजयन या पोलीस अधिकाऱ्यांची कल्पना होती. गृह आणि शिक्षण ही दोन खाती तीत एकत्र आली आणि वाहतूक, वन व उत्पादन शुल्क या खात्यांनी साथ दिली. आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन वर्षे कवायत, वाहतुकीचे नियम, व्यसनांपासून संरक्षण, आपत्तीच्या वेळची मदत आणि कायद्याची ओळख असे शिक्षण मिळते.

या योजनेचे मर्म तिच्या रचनेत आहे. पोलीस दलातील माणसे कवायत शिकवायला येतात, परंतु शाळेतील योजना सांभाळतात ते त्या शाळेचेच प्रशिक्षित शिक्षक. मुलाला रोज दिसतो तो त्याचा शिक्षक. पोलीस येतो तो पाहुणा म्हणून, आणि तोही काहीतरी शिकवायला. बंदोबस्तासाठी नव्हे. अमेरिकेने पोलिसाला शाळेत कायमचे बसवले आणि शिक्षकाचे काम त्याच्या हाती गेले. केरळने शिक्षकाचे आसन शिक्षकाकडेच राहू दिले आणि मुलांना ठाण्याची वाट दाखवली. २१ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने गुरुग्राम येथे या योजनेचा देशभर विस्तार जाहीर केला. मात्र तिचा भर प्रामुख्याने सरकारी शाळांवर राहिला.

महाराष्ट्रातही ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’, दामिनी पथक, निर्भया पथक अशा नावांनी पोलिसांनी शाळांपर्यंत जाण्याचे प्रयत्न केले आहेत. दरवर्षी २ जानेवारीस सुरू होणाऱ्या पोलीस वर्धापन सप्ताहात शाळकरी मुलांना ठाणे पाहता येते, तेथील कामकाज समजावून दिले जाते. हे उपक्रम चांगले आहेत. त्यांची अडचण सातत्याची आहे. गणेशोत्सव आला, निवडणुका आल्या, मोर्चा निघाला की तोच अधिकारी बंदोबस्तावर जातो आणि पुढे त्याची बदली होते. फलकावरील नाव आणि दूरध्वनी क्रमांक जुना राहतो. ही उणीव भरून काढण्याचे काम शाळेने आणि संस्थेने केले पाहिजे. ते पोलिसांवर सोडून चालणार नाही.

शिस्त कोणाची, गुन्हा कोणाचा

संपर्क अधिकारी लाभला म्हणजे त्याला कशासाठी बोलवावे आणि कशासाठी बोलावू नये, याची रेषा आधीच आखून ठेवावी. उशिरा येणे, उलट बोलणे, मोबाइल आणणे, कॉपी करणे, केस वाढवणे, वर्गात गोंधळ घालणे ही शिस्तीची बाब आहे. तेथे शिक्षक व पालक पुरेसे आहेत. ‘पोलिसांना बोलावू का?’ अशी धमकी शिक्षकाने दिली, तर त्याने आपला अधिकार आणि पोलिसांची प्रतिष्ठा दोन्ही गमावली असे समजावे.

लैंगिक अत्याचार, गंभीर दुखापत, अमली पदार्थ, खंडणी, छायाचित्रे वापरून केलेली धमकी, मूल बेपत्ता होणे हे गुन्हे आहेत. तेथे शाळेने ‘आधी आपण पाहू’ म्हणत वेळ घालवू नये. मधल्या गोष्टी, जसे मुलांची मारामारी किंवा वर्गातील किरकोळ चोरी, यांत शाळेने आधी दोन्ही घरांना बोलवावे. हवा असल्यास अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा, पण मूल त्याच्या हाती देऊ नये. सल्ला घेणे आणि स्वाधीन करणे यांतील अंतर ज्या शाळेला कळले, तिला या व्यवस्थेपासून भय नाही.

विश्वस्तांची जबाबदारी

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे शाळा, वसतिगृहे व छात्रालये चालवणाऱ्या संस्थांवर विश्वस्त म्हणून काम करतात. मोठ्या निष्ठेने, पदरमोड करून करतात. त्यांच्यासाठी पोक्सोची दोन कलमे अत्यंत महत्त्वाची आहेत. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला समजले किंवा घडण्याची ज्याला भीती वाटली, त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवले पाहिजे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध कळवला नाही, तर ती एक वर्षापर्यंत जाते.

‘आधी अंतर्गत चौकशी करू, खरे असेल तर कळवू’ हा विचार वरकरणी न्याय्य वाटतो, परंतु कायद्याला तो मान्य नाही. खरेखोटे ठरवण्याचे काम तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे आहे. कळवण्याचे काम मात्र आपले. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, असे संरक्षणही कलम १९ मध्येच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे ठामपणे सांगितले. ते प्रकरण एका डॉक्टरांसंबंधी होते. म्हणजे हे बंधन शाळेपुरतेच नाही; ज्याला ज्याला कळले, त्या प्रत्येकावर आहे.

संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी दोषी कर्मचाऱ्याचा राजीनामा घेऊन त्याला गुपचूप निरोप देण्याचा मार्ग काही ठिकाणी स्वीकारला जातो. तो माणूस दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत रुजू होतो. आपण आपल्या वहीतील बुडीत खाते दुसऱ्याच्या वहीत ढकलले, एवढेच त्यातून साधते. आणि ते खाते दुसऱ्यांच्या लेकरांनी फेडावे लागते.

दुकानदार म्हणून, पालक म्हणून

हा विषय केवळ शाळेच्या आवारापुरता नाही. शाळेबाहेरच्या रस्त्यावर आपली दुकाने आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तर कोठेच विकता येत नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण स्वतः ही वस्तू विकत नसलो, तरी शेजारच्या टपरीवर गणवेशातील मुले घुटमळताना रोज पाहणारे आपणच असतो. शाळेच्या संपर्क अधिकाऱ्याला या रस्त्याची खरी माहिती कोण देऊ शकत असेल, तर तो दुकानदार.

शिकवणीला जायला सोपे पडते म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९ अ वाचून पाहावे. परवाना नसताना अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपराध केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात मे २०२४ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा सारा देश हळहळला. शाळेच्या दारात वाहतूक पोलिसाने मुलाला अडवले, तर मध्यस्थी करायला धावत जाण्याऐवजी मनातल्या मनात त्याचे आभार मानावेत.

बँकेच्या अनुभवातून एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना चोरीचे पैसे फिरवण्यासाठी दुसऱ्यांची खाती हवी असतात. थोड्या कमिशनच्या आमिषाने महाविद्यालयीन तरुण, आणि आता त्याहूनही लहान मुले, आपले खाते, सिमकार्ड, एटीएम कार्ड वापरायला देतात. त्या खात्यातून पैसे गेले की पोलिसांचा माग खातेदाराच्या दाराशी येतो. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे सांगून सुटका होत नाही. शाळेतील पोलिसांच्या एका व्याख्यानाचा विषय हा अवश्य असावा. व्यापाऱ्याच्या मुलाला खात्याचे मोल आणि सहीचे वजन शाळेतच कळलेले बरे.

आपल्या हाती काय आहे

हे सारे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पालकसभेत प्रथम एक साधा प्रश्न विचारावा : आपल्या हद्दीतील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांचे नाव काय? उत्तर मिळाले नाही, तर दोन पालक आणि मुख्याध्यापक यांनी ठाण्यात जाऊन ते विचारून यावे. कोणतेही संकट नसताना ठाण्यात जाणे, हीच पुष्कळांच्या आयुष्यातील नवी गोष्ट ठरेल. ते नाव, दूरध्वनी क्रमांक, तसेच ११२, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे क्रमांक शाळेच्या दर्शनी फलकावर आणि मुलांच्या दैनंदिनीत असावेत. बदली झाली की नाव बदलण्याची जबाबदारी एका शिक्षकाकडे द्यावी.

वर्षातून दोनदा तो अधिकारी शाळेत यावा. शक्य तर महिला अधिकारी असावी. तिने भाषण कमी करावे आणि प्रश्न अधिक घ्यावेत. मुलांना प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता विचारता यावेत. शाळेने लेखी नियम करावा की मुख्याध्यापक किंवा पालक यांच्यापैकी कोणी हजर असल्याशिवाय कोणत्याही मुलाची पोलीस चौकशी आवारात होणार नाही. तक्रार शाळेच्या माणसाविरुद्धच असेल, तर पालकांना बोलावल्याशिवाय नाही. आणि कोणत्याही गंभीर तक्रारीची माहिती त्याच दिवशी पोलिसांना व पालकांना दिली जाईल, हा दुसरा नियम. हे दोन नियम एका कागदावर मावतात. विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत ते संमत करायला पाच मिनिटे पुरेत.

घरात मात्र एक गोष्ट आजपासूनच करता येईल. जेवताना हट्ट करणाऱ्या नातवाला पोलिसाची भीती दाखवणे थांबवावे. रस्त्यात चुकलास, कोणी त्रास दिला, तर गणवेशातील मावशींना किंवा काकांना सांगायचे, हे त्याला शिकवावे. मुलांनी घरी येऊन काही सांगितले, तर ‘कोणाला बोलू नकोस’ हे आपले पहिले वाक्य नसावे. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस’ असे म्हणावे आणि मग पुढचे पाऊल उचलावे. पतपेढीत, बाजारात, समाजात आपण पिढ्यान् पिढ्या पत जपली, ती वेळच्या वेळी हिशेब दाखवल्यामुळे. वही लपवल्यामुळे नव्हे. मुलांच्या बाबतीतही पत तशीच राहील.